मानवी भांडवल आणि विशेषीकृत संगणकभाषा : 'अबॅप'चे उदाहरण

मानवी भांडवल हा विषय स्पर्धा परीक्षांच्या तयारीत बहुधा साक्षरता, आरोग्य आणि शिक्षणावरील सरकारी खर्च यांच्या आकडेवारीपुरता मर्यादित राहतो. परंतु एखादे कौशल्य संपादन करण्याचा खर्च कोणी करावा आणि ते पुढे निरुपयोगी ठरल्यास नुकसान कोणी सोसावे, हे या विषयातील मूलभूत आर्थिक प्रश्न होत. मोठ्या उद्योगांच्या संगणकप्रणालीत वापरली जाणारी 'अबॅप' ही भाषा त्यांच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहे. अभियांत्रिकीचे आणि वाणिज्य शाखेचेही अनेक पदवीधर ती शुल्क भरून शिकतात. हैदराबादच्या अमीरपेठ भागात तर संगणक प्रशिक्षण हाच एक मोठा व्यवसाय होऊन बसला आहे.

भाषेची पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीतून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत एसएपी ही कंपनी स्थापन केली. हिशेब, खरेदी, साठा, विक्री आणि वेतन यांच्या स्वतंत्र वह्या न ठेवता सर्व नोंदी एकाच प्रणालीत असाव्यात, हा तिचा मूळ विचार होता. अशा प्रणालीस आज 'ईआरपी' म्हणतात. १९९२ मध्ये आलेल्या 'आर/३' या आवृत्तीने ती जगभर पसरली. भारतात इंडियन ऑइलसारख्या सार्वजनिक उपक्रमाने आणि बृहन्मुंबई महानगरपालिकेनेही ती स्वीकारली.

अबॅप ही या प्रणालीची अंगभूत भाषा होय. तिच्या मूळ जर्मन नावाचा अर्थ 'अहवाल तयार करणारे सर्वसाधारण साधन' असा होता. पुढे मात्र प्रणालीचा बराच मोठा भाग याच भाषेत लिहिला गेला. कोबॉलप्रमाणे तिची विधाने इंग्रजी वाक्यासारखी असतात आणि पूर्णविरामाने संपतात. व्याकरण कठीण नाही. कठीण आहे ते त्यामागील व्यवहार समजणे.

हिशेबनिसाची भाषा

एक उदाहरण घेऊ. अनेक सर्वसाधारण संगणकभाषांत अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवले जातात. दशमान पद्धतीत एक तृतीयांश ही संख्या जशी कधीच पूर्ण लिहिता येत नाही, तशी द्विमान पद्धतीत दहा पैसे, म्हणजे ०.१० रुपया, पूर्ण लिहिता येत नाही. लाखो नोंदींची बेरीज करताना ही सूक्ष्म तफावत ताळेबंदात उतरू शकते. म्हणून अबॅपमध्ये रकमांसाठी दशमान अंक जसेच्या तसे साठवणारा वेगळा संख्याप्रकार आहे. तसेच एका व्यवहारातील नावे आणि जमा या दोन्ही नोंदी एकत्रच पक्क्या व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, यासाठी 'कमिट वर्क' हे विधान आहे. द्विनोंदी पद्धतीचे तत्त्व येथे आज्ञावलीत उतरले आहे.

विद्यार्थ्याला अधिक अडखळवतात ती तक्त्यांची नावे. हिशेबाच्या दस्तऐवजाचे शीर्ष 'बीकेपीएफ' या तक्त्यात, तर ग्राहकांची माहिती 'केएनए१' मध्ये असते. ही जर्मन शब्दांची लघुरूपे आहेत : 'बेलेग' म्हणजे दस्तऐवज, 'कोप्फ' म्हणजे शीर्ष, 'कुंडे' म्हणजे ग्राहक. अशी नावे पाठ करून मिळवलेले ज्ञान या प्रणालीबाहेर शून्य किमतीचे असते, हे लक्षात घ्यावे.

सामान्य कौशल्य की विशिष्ट?

गॅरी बेकर यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार मांडले. सामान्य प्रशिक्षण कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते. म्हणून स्पर्धात्मक श्रमबाजारात मालक त्याचा खर्च उचलत नाही, कामगाराला तो स्वतः करावा लागतो. विशिष्ट प्रशिक्षण एकाच संस्थेत उपयोगी असते, म्हणून त्याचा भार संस्था व कामगार वाटून घेतात. बेकर यांना १९९२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

अबॅप या विभागणीत नीट बसत नाही. हजारो संस्था हीच प्रणाली वापरत असल्याने मालकाच्या दृष्टीने ते सामान्य कौशल्य आहे. कर्मचारी शिकून दुसरीकडे जाऊ शकतो. काही सेवाकंपन्या नवोदितांकडून ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार लिहून घेतात, त्यामागे हीच भीती असते. परंतु उत्पादनाच्या दृष्टीने ते अत्यंत विशिष्ट आहे, कारण अबॅप एसएपीच्या प्रणालीतच चालते. एका विक्रेत्याच्या भवितव्याशी निगडित असलेली जोखीम अशा रीतीने शिकणाऱ्याच्या पदरी पडते, आणि प्रशिक्षणाच्या जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचितच असतो.

याला दुसरी बाजूही आहे. अबॅप जाणणाऱ्यांची मागणी ही व्युत्पन्न मागणी होय. ती प्रणालीच्या मागणीतून निर्माण होते. एकदा सर्व हिशेब एका प्रणालीत गेल्यावर ती बदलणे संस्थेला फार महाग पडते. अर्थशास्त्रात यास बदलखर्च म्हणतात. ग्राहकाला विक्रेत्याशी जखडून ठेवणारा हाच बदलखर्च जुन्या कौशल्याची मागणी दीर्घकाळ टिकवतो.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा भाषेचे व्याकरण जसेच्या तसे राहिले. बदलावे लागले ते करविषयक तर्क. पुण्याहून नाशिकला माल गेला तर केंद्रीय व राज्य कर, सुरतेला गेला तर एकात्मिक कर. 'पुरवठ्याचे स्थान' म्हणजे काय हे ज्याला ठाऊक, त्यालाच बीजकाची आज्ञावली नीट दुरुस्त करता येत होती. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना ई-बीजक बंधनकारक झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. प्रत्येक टप्प्यावर कामाची नवी मागणी कर कायद्यामुळे निर्माण झाली. वाणिज्य पदवीधराने या क्षेत्रात स्वतःला अभियंत्याहून कमी समजण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे.

तांत्रिक घसारा

यंत्राप्रमाणे कौशल्यालाही घसारा लागतो. २०१५ मध्ये एसएपीने 'एस/४ हाना' ही नवी पिढी आणली. तीत हिशेबाचे अनेक जुने तक्ते एका सामाईक रोजकीर्दीत विलीन झाले आणि गणनेचे जड काम शक्यतो माहितीसाठ्यातच करण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या पिढीच्या अद्ययावत आवृत्त्यांची मुख्य देखभाल २०२७ अखेरपर्यंत आणि जादा शुल्क भरल्यास २०३० अखेरपर्यंत चालेल, असे कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले. त्यामुळे ग्राहकसंस्थांनी स्वतःसाठी लिहून घेतलेल्या, 'झेड' किंवा 'वाय' या अक्षराने सुरू होणाऱ्या जुन्या आज्ञावल्या तपासाव्या लागत आहेत. त्यांतील कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या टाकायच्या, हे ठरवण्यासाठी त्या मुळात कोणत्या व्यवहारासाठी लिहिल्या गेल्या होत्या, हे समजून घेणारी माणसे लागतात.