नवी नोंद ऑडिट लॉगमध्ये येत नाही? आधी तपासा, मग पैसे मोजा

1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला. प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. तुमचे सॉफ्टवेअर खास बनवून घेतलेले असेल, तर हा माग बहुधा डेटाबेसमधला ट्रिगर ठेवतो. बदललेल्या, खोडलेल्या नोंदी लॉगमध्ये दिसतात, नव्या मात्र नाहीत, अशी तक्रार असल्यास लगेच महागडे ऑडिट उत्पादन घेऊ नका. एसक्यूएल सर्व्हरवर दोष असा शोधता येतो.

तपासणी: खर्च शून्य
चाचणीच्या डेटाबेसमध्ये एकाच आज्ञेने तीन नव्या ओळी भरायला सांगा आणि लॉग पाहा.
• एकही आली नाही: ट्रिगर बंद आहे किंवा फक्त अपडेट-डिलीटसाठीच लिहिला आहे.
• एकच आली: ट्रिगर ओळीगणिक नव्हे, आज्ञेगणिक एकदा चालतो. लिहिणाऱ्याने एकच ओळ गृहीत धरली आहे.
• तिन्ही आल्या: मग फाइलमधून होणारा घाऊक भरणा तपासा. बल्क इन्सर्ट करताना ‘फायर ट्रिगर्स’ पर्याय दिला नाही, तर ट्रिगर चालतच नाही.

दुरुस्ती: तासांवर ठरवा
वरचे तिन्ही दोष ट्रिगर किंवा भरण्याची आज्ञा बदलून सुटतात. त्यासाठी नवे लायसन्स लागत नाही. कोटेशन तासांत मागा. उदाहरणार्थ, 1,500 रुपये दराने 4 तासांचे 6,000 आणि 18 टक्के जीएसटीचे 1,080, एकूण 7,080 रुपये. तीन ओळींची चाचणी तुमच्यासमोर पास झाल्यावरच बिल चुकते करा.

साठवण: खरा खर्च इथे
ट्रेल 8 वर्षे जपावा लागतो. रोज 5,000 नोंदी, प्रत्येकी एक केबी धरली, तर 300 दिवसांत दीड जीबी आणि 8 वर्षांत 12 जीबी होतात. एसक्यूएल सर्व्हरच्या 2022 पर्यंतच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. ती प्रत्येक डेटाबेसला वेगळी लागू होते. म्हणून दरवर्षीचा लॉग स्वतंत्र डेटाबेसमध्ये ठेवा आणि त्याचा बॅकअप घ्या. सशुल्क आवृत्तीचा खर्च टळेल.

दुरुस्ती लांबवू नका. लॉगमधून सुटलेली नोंद कोणी, केव्हा भरली, हे नंतर पैसे मोजूनही खात्रीने कळेलच असे नाही.