कमरेला रिव्हॉल्वर लावण्याआधी

शस्त्र परवाना मंजूर झाला की तरुण पोरं माझ्याकडे येतात आणि एकच विचारतात, "काका, कुठलं घेऊ? परवडणारं, नेम नीट लागणारं आणि ऐनवेळी दगा न देणारं सांगा." हुपरीत चांदीच्या धंद्यात माझी हयात गेली. पैंजण, वाळे, करदोडे यांचा माल घेऊन आमच्या गावची माणसं देशभर फिरतात, रात्री-अपरात्री येतात-जातात. त्यामुळे काही घरांत परवान्याचं हत्यार असतं. आमच्याकडे ते आधी वडिलांच्या नावावर होतं, आता माझ्या.

कंपनीचं नाव सांगण्याआधी मी या पोरांना चार गोष्टी विचारतो. परवान्यावर हद्द कुठली लिहिली आहे? काडतुसं कुठून आणणार? सराव कुठे करणार? घरात ते ठेवणार कुठे? ही चार उत्तरं तयार असतील तर हत्यार निवडणं अर्ध्या तासाचं काम आहे. उत्तरं नसतील तर लाख-दीड लाखाचं रिव्हॉल्वरसुद्धा कमरेवरचं ओझंच ठरतं. हे मी अनुभवाने सांगतो.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, की वारसाला परवाना मागता येतो. त्याच वाटेने वडिलांचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर माझ्याकडे आलं आणि त्याच्यासोबत काडतुसांनी भरलेला चामडी पट्टाही. ऊस हंगामातल्या एका रात्री मी कोल्हापुरातून माल घेऊन गाडीने परतत होतो. पट्टणकोडोलीच्या अलीकडे मागे दोन मोटारसायकली लागल्याचं जाणवलं. मी हळू झालो की त्या हळू, मी वेग घेतला की त्यांचाही वेग वाढायचा. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, तिच्यात गाडी घातली आणि उजेडातल्या पेट्रोल पंपावर थांबलो. मोटारसायकली पुढे निघून गेल्या. ते लुटारू होते की नुसते घाईतले लोक, कधी कळलं नाही. पण त्या सगळ्या वेळात माझा एक हात रिव्हॉल्वरच्या मुठीवर होता आणि त्याचा मला फार आधार वाटत होता.

पुढे रेंजवर त्याच पट्ट्यातली काडतुसं भरून चाप ओढला. घोडा पडला, टक् असा आवाज झाला आणि बार झालाच नाही. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "नळी निशाणाकडेच ठेवा, अर्धा मिनिट हलू नका. कधीकधी गोळी उशिरा सुटते." मग त्यांनी काडतूस काढून दाखवलं. चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे पितळेवर हिरवा थर चढला होता आणि वर्षानुवर्षं हत्याराला लावलेलं तेल टोपीतून आत उतरून दारू मेली होती. रिव्हॉल्वर मात्र ठणठणीत होतं. तेव्हापासून विश्वासार्हतेची चौकशी मी काडतुसापासून सुरू करतो. आपल्या राज्यात काडतुसं पुण्याच्या खडकीत बनतात. हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि त्याच्या जुन्या काडतुसांच्या बुडावर रोमन लिपीत 'के एफ' अशी खूण असायची. काडतुसं कोरड्या डबीत ठेवावीत, चामड्यात ठेवू नयेत, तेलाचा हात लावू नये, दरवर्षी जुनी रेंजवर संपवून नवी भरावीत. किती घेता येतील हे परवान्यावरच लिहिलेलं असतं, म्हणून सरावाचा हिशेब आधी मांडावा.

आता निवडीकडे येऊ. सिनेमात दिसणारी ९ एमएम, .३८ किंवा .४५ ही बोअर आपल्याकडे निषिद्ध गटात मोडतात, सामान्य परवानाधारकाला ती मिळत नाहीत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी विदेशी हत्यारांची आयातही बंद आहे. म्हणून एखादं जुनं विलायती वेब्ली किंवा वॉल्थर बाजारात आलं की त्याची किंमत काही लाखांत जाते. तो पैसा दुर्मीळपणाचा असतो, नेमाचा नव्हे. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीला जाणता कारागीर सापडत नाही. परवडणारं हवं असेल तर या वाटेला जाऊच नये.

मग उरतं ते मुख्यतः .३२. इथे एक घोटाळा हमखास होतो. रिव्हॉल्वरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरचं लांब आणि बुडाला ठळक कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड, त्यालाच ७.६५ मिलिमीटर म्हणतात. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. परवान्यावर रिव्हॉल्वर लिहिलंय की पिस्तूल, हे दुकानाची पायरी चढण्याआधी वाचून घ्यावं.

दोन्हींत काय घ्यावं? रिव्हॉल्वरमध्ये सहा गोळ्या, रचना साधी, आणि एक काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तूल चपटं, कपड्याखाली कमी उठून दिसणारं, पण त्यात फुसकं काडतूस निघालं किंवा रिकामी पुंगळी अडकली तर दोन्ही हातांनी स्लाइड मागे ओढून ते झटकावं लागतं. घाबरलेल्या माणसाला हे रोजच्या सरावाशिवाय जमत नाही. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा गैरसमजही जीव घेतो, कारण नळीत एक गोळी राहिलेली असू शकते. वर्षातून मोजक्याच वेळा रेंजवर जाणाऱ्याला मी रिव्हॉल्वरच सांगतो. नियमित सराव करणाऱ्याने ईशापूर किंवा काशीपूरच्या सरकारी कारखान्यांतलं अशनी पिस्तूल जरूर हाताळून पाहावं.

रिव्हॉल्वरमध्ये कानपूरचं नेहमीचं .३२ हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हत्यार. जुन्या वेब्लीच्या वळणाचं, मधून मोडून भरायचं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरमधूनच 'निर्भीक' आलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये हलकं वाटतं, पण हत्यार हलकं झालं की झटका वाढतो, आणि झटक्याला घाबरणारा हात दुसरी गोळी भलतीकडे घालवतो. ईशापूरचं .२२ बोअरचं 'निडर' त्याहून हलकं, जेमतेम पाव किलोचं, स्वस्त आणि झटका नावालाच. मात्र .२२ ची ठिणगी काडतुसाच्या कडेला असते आणि तशी काडतुसं फुसकी निघण्याचं प्रमाण जास्त. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या सरकारी कंपनीने 'प्रबल' बाजारात आणलं. ७६ मिलिमीटरची नळी, ६७५ ग्रॅम वजन, आणि सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे भरताना हत्यार मधून मोडावं लागत नाही. मधल्या बिजागरीची झीज हे जुन्या बनावटीचं दुखणं होतं, ते इथे उरत नाही. आज नवं घेणाऱ्याने पहिल्यांदा हेच हातात घेऊन पाहावं असं माझं मत आहे.

बजेट मांडताना कर विसरू नये. सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलांवर ४० टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे जुनं घ्यायचा मोह होतो, आणि जुनं घेण्यात काही वावगं नाही. फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून, कागदोपत्री घ्यावं आणि स्वतः तपासावं. आधी ते रिकामं आहे याची खात्री करा, दोनदा करा. घोडा हळूहळू मागे घ्या. तो पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर आपल्या खाचेत घट्ट बसला पाहिजे. प्रत्येक घर अशाच रीतीने नळीच्या रेषेत येतं का, हे सहाही घरांवर पाहा. माझ्या ओळखीच्या एकाने घेतलेल्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये एक घर जरासं बाजूला थांबायचं. बार झाला की शिशाचे कण शेजारी उभ्या माणसाच्या गालावर उडायचे. पुढे नळीत उजेड टाकून खड्डे पाहा, सिलिंडर पुढे-मागे हलवून ढिलाई पाहा. जुन्या बनावटीत घोड्याखालचं घर रिकामं ठेवण्याची रीत आहे. हत्यार हातातून पडलं तर आपोआप बार होऊ नये, एवढ्यासाठी एक गोळी कमी भरली तरी चालते.

नेमाबद्दल आम्हा कोल्हापूरकरांना काही सांगायची सोय नाही. २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेणारी राही सरनोबत, आणि पॅरिसहून २०२४ मध्ये कांस्य आणणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळे आपल्याच मातीतले. त्यांच्यामुळे इथल्या पोरांना वाटतं, नेम म्हणजे लांबचा ठिपका. स्वसंरक्षणाची वेळ येते ती चार-पाच पावलांवर, अंधारात, हात कापत असताना. तीन इंची नळीचं साधं रिव्हॉल्वर तेवढ्या अंतरावर पुरेसं अचूक असतं. जाहिरातीत ५० मीटरचा पल्ला लिहिला म्हणून भाळू नये. चुकतो तो चाप ओढणारा हात. म्हणून दुकानात मूठ धरून पाहा. करंगळी मुठीवर बसते का? तर्जनीच्या पहिल्या पेऱ्याने जड चाप न थरथरता ओढता येतो का? बायकोच्या किंवा बहिणीच्या नावावर परवाना असेल तर हत्यार तिने निवडावं, नवऱ्याने किंवा भावाने नव्हे. मग डमी काडतुसं घालून, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भक्कम भिंतीकडे नळी धरून चाप ओढण्याचा सराव करावा. याला फारसा खर्च नाही आणि नेम सुधारायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

बाळगण्याची रीत परवान्याच्या अटींतच आहे. हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. लोकांना दिसावं म्हणून शर्ट वर करणं हा रुबाब नव्हे, अटीचा भंग आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. होल्स्टर चाप पूर्ण झाकणारा हवा, नुसतं कमरेला खोचणं धोक्याचं. आपल्या पावसाळ्यात चामड्याखाली घाम आणि ओल साठते आणि बघता बघता पोलादावर तांबूस ठिपके उठतात. घरी आल्यावर होल्स्टरमधून काढून, पुसून, तेलाचा पातळ हात देऊन ठेवावं.

हद्दीचं मी सुरुवातीला म्हटलं ते सीमाभागातल्या माणसासाठी फार मोलाचं आहे. कागल ओलांडलं की कर्नाटक. निपाणीला जाणं आमच्यासाठी शेजारच्या गल्लीत जाण्यासारखं, पण परवान्यावर फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल तर सीमेपलीकडे तेच हत्यार गुन्हा ठरतं. धंद्यासाठी परराज्यात जात असाल तर हद्द वाढवून घ्यावी, नाहीतर हत्यार घरी ठेवून जावं. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करण्याचा आदेश आला तर मुदतीत जमा करून पावती जपावी. आजरा-चंदगडकडे रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना हा अनुभव चांगलाच ठाऊक आहे. नूतनीकरणाची तारीखही घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, परवाना आता पाच वर्षांचा असतो.

घरात लोखंडी तिजोरी हवी, किल्ली एकाकडेच, काडतुसं वेगळ्या कुलपात. कपाटात साड्यांखाली ठेवलेलं हत्यार लहान पोराला आठवड्यात सापडतं. दारू घेतली त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. घरात कुणी खचलेलं असेल, जगण्यावरून मन उडालेलं असेल, तर हत्यार तात्पुरतं अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावं. त्यात लाज कसली?

सगळ्यात शेवटी, ते कशासाठी घेताय हे स्वतःला विचारा. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही आरोपी होता. मालाचं रक्षण ज्वेलर्स ब्लॉक विमा, बँकेतून होणारे व्यवहार, बदलत्या वेळा आणि सोबतीचा माणूस करतो. रिव्हॉल्वर राखायचं ते फक्त जिवासाठी. आणि कधी बार करावाच लागला, तर धोका टळताच हत्यार सुरक्षित ठेवा, ११२ ला फोन करा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागवा आणि पोलीस येईपर्यंत जागा सोडू नका. एवढं करायची तयारी नसेल, तर परवाना मंजूर झाला असला तरी दुकानाची पायरी चढू नका.