प्रमाणपत्रावरील ‘लेव्हल’ आणि युरोपची शिडी

आपल्या तरुणांच्या हातात हल्ली कौशल्य प्रशिक्षणाची जी प्रमाणपत्रे दिसतात, त्यांच्यावर कुठेतरी ‘एनएसक्यूएफ लेव्हल ३’ किंवा ‘लेव्हल ४’ असे छापलेले असते. ज्याचे प्रमाणपत्र त्याने ते बहुधा वाचलेले नसते. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या दलालाने मात्र ते नेमके वाचलेले असते. गेल्या वर्षी एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले आणि कापड बाजूला ठेवून भाच्याचे प्रमाणपत्र दाखवू लागले. शिलाई मशीन चालवण्याचा काहीशे तासांचा कोर्स, लेव्हल ४. दलालाने त्यांना हिशेब समजावला होता तो असा: युरोपात आठ लेव्हल, आपल्याकडेही आठ, तुमची चार ती त्यांची चार, जर्मनीचे काम पक्के, फक्त दीड लाख आगाऊ द्या.

हा हिशेब कानाला गोड लागतो, म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. करमाडच्या माणसाला युरोप आता काही परका राहिलेला नाही. शेजारी शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, शहरात इंडो-जर्मन टूल रूम आहे. भारत आणि जर्मनी यांच्यात ५ डिसेंबर २०२२ रोजी स्थलांतराचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात दहा हजारांचा आकडा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. दरवाजा खरोखर उघडलेला आहे. मग त्यातून आत कोणाला आणि कोणत्या कागदावर घेतात, तेवढे पाहू.

प्रथम युरोपची शिडी समजून घेऊ. युरोपीय संघाच्या संसदेने व परिषदेने २३ एप्रिल २००८ रोजी एक शिफारस संमत केली. युरोपियन क्वालिफिकेशन्स फ्रेमवर्क, म्हणजे ईक्यूएफ, ती हीच. तिच्यामागची अडचण साधी होती. पोर्तुगालचा गवंडी डेन्मार्कला गेला की त्याची सनद तिथे कोणाला वाचता येत नसे. भाषा वेगळी, कोर्सची मुदत वेगळी, परीक्षेचे नाव वेगळे. तेव्हा ठरले असे की माणूस किती वर्षे वर्गात बसला हे न विचारता, शिकून झाल्यावर त्याला काय येते हे विचारावे. त्यासाठी आठ पायऱ्या ठरवल्या आणि प्रत्येक पायरीवर ज्ञान, कौशल्य आणि जबाबदारी यांचे वर्णन लिहिले. चौथ्या पायरीचा कारागीर आपले काम आपण सांभाळतो आणि दुसऱ्याच्या नेहमीच्या कामावर देखरेखही करू शकतो, असे ते वर्णन आहे. पुढे प्रत्येक देशाने आपली शिडी या सामाईक शिडीशेजारी उभी करून पायऱ्या जुळवल्या. जर्मनीने हे काम २०१३ पर्यंत उरकले. दोन वर्षांचा हुनर शिकलेला तिथे तिसऱ्या पायरीवर, तीन ते साडेतीन वर्षांचा चौथ्या पायरीवर, आणि त्यांचा ‘माइस्टर’, म्हणजे आपला उस्ताद, सहाव्या पायरीवर, विद्यापीठाच्या पदवीधराच्या बरोबरीला. आपल्याकडे पदवीधर मुलीचे स्थळ घेऊन उस्ताद दर्जीच्या घरी जायला कोणी धजत नाही. तिथे निदान कागदावर तरी दोघे एकाच पायरीवर बसतात.

भारताची शिडी, एनएसक्यूएफ, २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झाली. तिला तेव्हा आठ नव्हे, दहा पायऱ्या होत्या. २०२३ मध्ये ती बदलून आठ पायऱ्यांची केली आणि मध्ये साडेतीन, साडेचार अशा अर्ध्या पायऱ्या घातल्या. म्हणजे २०१८ च्या प्रमाणपत्रावरचा ४ हा आकडा दहा पायऱ्यांच्या शिडीवरचा आणि आजचा ४ आठ पायऱ्यांच्या शिडीवरचा. शिवाय तीन वर्षांची पदवी आपल्या नव्या शिडीवर साडेपाचला येते. युरोपात बॅचलर पदवी सहाला बसते. दोन्हीकडे आठ पायऱ्या असल्या तरी पायऱ्यांची उंची सारखी नाही.

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपण सूत ‘काउंट’वर घेतो. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका त्याचा काउंट. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक होते. ४० काउंट म्हणजे शर्टिंगचे चांगले सूत. दुसरे माप आहे ‘टेक्स’. हजार मीटर सुताचे वजन किती ग्रॅम, तो त्याचा टेक्स. इथे आकडा वाढला की सूत जाड होते. ४० काउंटचे सूत टेक्समध्ये जेमतेम १५ भरते, आणि ४० टेक्सचे सूत काउंटमध्ये १५ च्या आसपास, म्हणजे जाड्याभरड्या चादरीचे. तिसरे माप डेनियरचे, नऊ हजार मीटरचे वजन. शेंद्र्याच्या ऑरिक वसाहतीत ह्योसंग ही कोरियन कंपनी जो ताणणारा स्पँडेक्स धागा बनवते तो या मापाने विकला जातो. आता कोणी नुसते ‘चाळीस नंबर’ म्हणून ऑर्डर दिली तर कोणता शहाणा व्यापारी माल पाठवील? तो आधी विचारील, चाळीस कशात? लेव्हलच्या आकड्यालाही हाच प्रश्न विचारायचा.

सुताच्या बाबतीत निदान हे माप त्या मापात बदलण्याचे कोष्टक तरी आहे. युरोपीय संघाने आपल्या शिडीची अधिकृत ताडणी बाहेरच्या ज्या देशांशी व प्रदेशांशी केली, त्यांत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग आणि अलीकडे युक्रेन यांची नावे आहेत. भारताचे नाव त्यांत नाही. २०१७ मध्ये युरोपने आपली शिफारस सुधारली तेव्हा बाहेरच्या देशांशी अशी तुलना करण्याची वाट त्यात मोकळी ठेवली आहे, तेव्हा उद्या भारताचेही कोष्टक होऊ शकेल, आणि झाले तर बरेच. पण ते झाले तरी एक गोष्ट बदलणार नाही. ४० काउंट बरोबर १५ टेक्स हे कोष्टकाने सांगितले म्हणून खरेदीदार गाठ मोजून घेईलच असे नाही. तो नमुना मागवतो, ताण पाहतो, रंग धुऊन पाहतो. ईक्यूएफ ही शिफारस आहे, तिने कोणाला नोकरीचा वा मान्यतेचा हक्क मिळत नाही.

जर्मनीत नमुना तपासण्याचे काम वेगळ्या कायद्याने चालते. १ एप्रिल २०१२ पासून लागू झालेल्या या कायद्याप्रमाणे परदेशी सनद त्यांच्या एखाद्या ठरलेल्या व्यवसायाशी ताडून पाहिली जाते. उद्योगातील व्यवसायांसाठी हे काम मुख्यतः न्यूर्नबर्गची आयएचके फोसा ही संस्था करते, हस्तव्यवसायांसाठी तिथल्या कारागिरांचे चेंबर. ते लेव्हल पाहून शिक्का मारत नाहीत. कोर्स किती मुदतीचा, त्यात कोणते विषय, प्रात्यक्षिक किती, नंतर कामाचा अनुभव काय, हे ओळीने पाहतात. निकाल तीन तऱ्हेचा लागतो: पूर्ण मान्यता, काही भागाची मान्यता, किंवा नकार. काही भागाची मिळाली तर राहिलेले तिथे जाऊन शिकता येते.

इथे आपल्या लोकांसाठी कळीचा मुद्दा येतो, तो दोन वर्षांचा. जर्मनीने अलीकडे तीन नवे रस्ते काढले. मार्च २०२४ पासून, मान्यतेची कारवाई तिथे पोहोचून मालकाच्या सहकार्याने पूर्ण करण्याचा पहिला. त्याच महिन्यापासून, मान्यतेशिवाय केवळ सनद, अनुभव आणि ठराविक पगार यांवर जाण्याचा दुसरा. आणि १ जून २०२४ पासून, काम शोधण्यासाठी जाण्याच्या ‘संधी कार्डा’चा तिसरा. विद्यापीठाची पदवी नसणाऱ्यासाठी तिन्ही रस्त्यांवर अट एकच ठेवली आहे: आपल्या देशाच्या शासनाने मान्य केलेले, किमान दोन वर्षांचे व्यवसाय शिक्षण. (संगणकाच्या कामाला दुसऱ्या रस्त्यावर सूट आहे.) या यादीत लेव्हलचा आकडा कुठेच विचारलेला नाही.

आता हा मुद्दा आपल्या आयटीआयला लावून पाहा. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. शिवणकामाचे, म्हणजे सुइंग टेक्नॉलॉजी आणि ड्रेस मेकिंग, एक वर्षाचे. एकाच इमारतीत, एकाच शिक्क्याखाली शिकलेल्या दोन मुलांपैकी एकाला हे रस्ते मोकळे आणि दुसऱ्याला बंद. काहीशे तासांच्या कोर्सचा, त्या गिऱ्हाईकाच्या भाच्याचा, तर प्रश्नच उरत नाही. त्याच्या लेव्हल ४ चा इथे कारखान्यात उपयोग आहे, त्याने तो करावा. जर्मनीसाठी दीड लाख देण्याजोगे त्यात काही नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ज्या घरात मुलगा दहावी होऊन ट्रेड निवडतो आहे आणि मनात परदेश आहे, तिथे ही मुदत प्रवेशाच्या आधी पाहावी.

आमच्या पिढीच्या कारागिरांचे दुःख याहून मोठे आहे. हिमरू विणणारा, जरीकाम करणारा, तीस वर्षे कटिंग करणारा मास्टर. हुनर उस्तादाकडून आला, कागद कधी झाला नाही. सरकारने २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत अशांसाठी ‘आरपीएल’ ठेवले: आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचे. कल्पना न्याय्य आहे आणि युरोपच्या शिडीमागचा विचारही हाच, की काय येते ते पाहा. पण व्यवहारात थोड्या तासांची उजळणी आणि एक चाचणी यावर मिळालेला हा कागद जर्मनीच्या दोन वर्षांच्या अटीसमोर टिकत नाही. कागद हरवला असेल तर जर्मनीत काम करून दाखवून कौशल्य सिद्ध करण्याची सोय आहे. मात्र मुळात सनद मिळालेली असली पाहिजे. वर्षे मोजायची नाहीत असे म्हणत शिडी बांधली आणि दारावर पुन्हा वर्षेच मोजायला बसले, हे मला काही पटत नाही.

ही त्रुटी पुढच्या पिढीत राहू नये हे मात्र पुष्कळसे आपल्या, म्हणजे दुकानदार आणि कारखानदारांच्या, हातात आहे. आपल्याकडे शागीर्द असतात, त्यांची नोंद कुठे नसते. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे, आणि चार ते एकोणतीस कामगार असतील तर ते ऐच्छिक आहे. हे ऐच्छिक कलम आपल्यासाठीच आहे असे समजावे. मुलाची नोंद झाली, करार झाला, मुदत आणि परीक्षा पूर्ण झाली की राष्ट्रीय सनद मिळते. त्याने केलेल्या कामाला तारीख आणि शिक्का लागतो. वयाने मोठ्या, अनुभवी कारागिराने अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसता येते का, याची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी.

आखाताचा रस्ता आपल्या घरोघरी माहीत आहे, म्हणून एक फरक सांगतो. सौदी अरब अलीकडे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर यांसारख्या कामांची परीक्षा भारतातच घेतो. पास झाला तो गेला. तिथे हात पाहतात, जर्मनीत आधी कागद. मुंबईत ट्रेड टेस्ट देऊन रियाधला गेलेल्या चाचाचा अनुभव पुतण्याला जर्मनीसाठी उपयोगी पडेलच असे नाही. दोन्ही रस्त्यांना लागू असलेली एक गोष्ट: १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेटवर पाहता येते.

भाषेची शिडी पुन्हा निराळीच, ए१ पासून सी२ पर्यंत. संधी कार्डाला जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ लागते, मालकाच्या सहकार्याने मान्यता घेण्याच्या रस्त्याला जर्मन ए२. कोणी म्हणाले ‘दोन लेव्हल पुरते’, तर ती हुनराची की भाषेची ते विचारा.

शेवटी नावाविषयी. माझ्या पिढीच्या आणि नंतरच्याही अनेकांच्या उर्दू शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ आधी, वडिलांचे नाव नंतर. आयटीआयच्या सनदेवर ‘शेख’ शेवटी. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी आणि सगळे नाव एका ओळीत. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे ‘मो.’, कुठे ‘एमडी’. जर्मन कारकुनाला ही तीन वेगळी माणसे दिसतात. कागद तिथे पाठवण्याआधी पासपोर्टवरचे स्पेलिंग प्रमाण मानून बाकीचे दाखले दुरुस्त करून घ्यावेत, जिथे दुरुस्ती होत नाही तिथे एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे, आणि उर्दू व मराठी दाखल्यांचे जर्मन भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच, नावाचे तेच स्पेलिंग ठेवून, करून घ्यावे.