डिस्क गेली नव्हती

माउंट होत नाही म्हणजे डिस्क गेली, असं म्हणणाऱ्याच्या हातात डिस्क देऊ नका. चिडून लिहितोय, पण लिहितोय ते खरं आहे.

ऑफिसातला जुना फ्रीबीएसडीचा सर्व्हर मदरबोर्ड जळून बसला. डिस्क शाबूत होती. मी गावाला होतो, म्हणून एएमसीवाल्यांना बोलावलं गेलं. परत येऊन बघतो तर डिस्क उबंटूच्या मशिनला लावलेली आणि त्यांचा इंजिनिअर डेटा रिकव्हरीचं कोटेशन घेऊन बसलेला. "सर, सुपरब्लॉक करप्ट आहे. एफएससीके मारून बघतो, नाहीतर फॉरमॅट." स्क्रीनवर माउंटची ती नेहमीची एरर होती: फाइलसिस्टिमचा प्रकार चुकीचा, किंवा ऑप्शन चुकीचा, किंवा सुपरब्लॉक खराब, किंवा आणखी काहीतरी. गड्याने त्यातला सगळ्यात महागडा पर्याय उचलला.

"डीमेसेज बघितलंत?"

"त्यात काही नसतं सर."

त्यातच सगळं होतं. कर्नलने स्वच्छ छापलं होतं की यूएफएसचा प्रकार तुम्ही सांगितलेला नाही, न सांगितल्यास 'ओल्ड' धरला जातो, आणि चुकीचा प्रकार दिलात तर फाइलसिस्टिम बिघडू शकते. चालणाऱ्या प्रकारांची यादीही सोबत, तिच्यात यूएफएस२. थोडं वर गेलं की आणखी एक ओळ: एसडीबी१ च्या पुढे कंसात बीएसडी आणि एसडीबी५ पासून ओळीने नावं. एमबीआर डिस्कवर फ्रीबीएसडी एक स्लाइस घेते आणि तिच्या पोटात ए, बी, डी, ई, एफ अशी स्वतःची पार्टिशन मांडते. लिनक्स त्यांना पाचपासून नंबर देते. आमचा डेटा एफवर, म्हणजे एसडीबी९ वर होता आणि हे महाशय एसडीबी१ लाच धडका देत होते. एफडिस्कच्या टाइपच्या रकान्यात तर 'फ्रीबीएसडी' हा शब्दच छापलेला होता. वाचायला काय पैसे पडतात?

माउंटला -टी यूएफएस दिलं, -ओ ला आरओ,यूएफएसटाइप=यूएफएस२ दिलं. सगळी फोल्डरं जागच्या जागी. त्यावर तो म्हणाला, "असं पण असतं होय!" वर जाताजाता, "आमच्या ऑफिसातल्या मॅकवर लावून बघणारच होतो." मॅक अशा डिस्कवर 'वाचता येत नाही' म्हणतो आणि 'इनिशियलाइझ'चं बटण पुढे करतो. ते दाबायला याला कितीसा वेळ लागला असता?

तर तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी डिस्कवर काहीही लिहू देऊ नका. डीडीरेस्क्यूने इमेज काढा आणि सगळे प्रयोग त्या इमेजवर करा. नुसत्या आरओवर विसंबू नका: एक्स्ट४ आरओ माउंट केली तरी जर्नल रिप्ले होतं, म्हणून नोलोड लावा किंवा ब्लॉकडेव्हने डिव्हाइसच रीड-ओन्ली करा. एफएससीके ज्याची फाइलसिस्टिम त्याच्याच घरी चालवायचं; एक्स्टचं एफएससीके यूएफएसवर सोडणाऱ्याला सर्व्हर रूमच्या दारातूनच परत पाठवा. लिनक्समधून यूएफएसवर लिहिण्याच्या सोयीपुढे कर्नलच्या कॉन्फिगमध्येच 'धोकादायक' लिहिलेलं आहे. उलट्या दिशेने, फ्रीबीएसडी एक्स्ट४ वाचते, पण जर्नल वापरत नाही. मशीन धाडकन बंद पडलेलं असेल तर आधी ई२एफएसप्रोग्समधल्या एफएससीकेने दुरुस्ती लागते.

लिनक्स ते लिनक्स म्हणूनही गाफील राहू नका. ई२एफएसप्रोग्स १.४७ (२०२३) पासून एक्स्ट४ बनवताना 'ऑर्फन फाइल' हे फीचर आपोआप चालू होतं. अशी डिस्क जुन्या मशिनला लावली की तिथलं एफएससीके 'फीचर_सी१२' समजत नाही म्हणून थांबतं. तिथेही डिस्क धडधाकटच असते.

झेडएफएसचा पूल 'दुसऱ्या सिस्टिमवर वापरात होता' म्हणून अडला तर तो आधीच्या मशिनवर खरोखर बंद आहे ना ते पाहा, मग झेडपूल इम्पोर्टला -एफ द्या, सोबत रीडओन्ली. आणि झेडपूल अपग्रेडचा मोह नको, त्यातून मागे येता येत नाही.

बॅकअप ठेवा, हे काय वेगळं सांगायचं! डिस्कवर मात्र ओएस, तिची आवृत्ती आणि फाइलसिस्टिम लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. नाहीतर तुम्ही रजेवर असताना कोणीतरी अंदाज बांधतं.

एएमसीवाल्यांचं 'डिस्क तपासणी व सल्ला' असं बिल आलं. अकाउंट्सने मला न विचारता पासही केलं.