एम. ए. नंतर काय? – एक हिशेब

कला शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो. नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, एस. टी.मध्ये शेजारी बसलेले अनोळखी गृहस्थही विचारतात, "एम. ए. झाल्यावर पुढे काय?" या प्रश्नाचा आपल्याला राग येतो. परंतु विचारणाऱ्याचा हेतू कसाही असो, प्रश्न रास्त आहे. मी इतिहास विषय घेऊन एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. घरची शेती कोरडवाहू आहे आणि धाकटा भाऊ बारावीत आहे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला वहीत आकडे मांडूनच शोधावे लागले. माझ्या वर्गबंधुभगिनींना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तो हिशेब येथे देत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात प्राध्यापकी असते, म्हणून तिचा विचार प्रथम करू. साहाय्यक प्राध्यापकपदासाठी एम. ए.ला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे, ही मुख्य अट आहे. नेट १९८९ साली सुरू झाली. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते. नेटमध्ये दोन पेपर असतात : पहिला सर्वांना समान, १०० गुणांचा, दुसरा आपल्या विषयाचा, २०० गुणांचा. विद्यापीठांतील पदांसाठी मध्यंतरी पीएच. डी. सक्तीची होणार होती, पण २०२३ साली अनुदान आयोगाने नेट-सेट ही किमान पात्रता पुरेशी ठरविली. एम. फिल. मात्र २०२२च्या नियमांनी बंद झाले, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांचा 'आधी एम. फिल. कर' हा सल्ला आता लागू नाही.

नेटमध्ये वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यास कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. २०२३ साली ही रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. संशोधनासाठी घरून पैसे मागावे लागू नयेत, एवढी ही रक्कम निश्चित आहे. ज्यांना ती मिळत नाही त्यांनी पीएच. डी.ला नाव घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. किमान तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम प्रत्यक्षात पाच-सहा वर्षे चालतो, आणि तेवढी वर्षे जेवणखाण, खोलीभाडे व प्रवास यांचा खर्च चुकत नाही.

पात्र होणे आणि नेमणूक मिळणे यांत मोठे अंतर आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पात्रताधारक दरवर्षी वाढतात. पूर्णवेळ पदे त्या मानाने भरली जात नाहीत. मधली जागा तासिका तत्त्वावरील शिक्षकांनी भरून निघते. माझ्या ओळखीच्या एक ताई सेट उत्तीर्ण आहेत. सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी त्या तास घेतात. जितके तास तितके मानधन. सुट्टी लागली की मानधन थांबते. त्या शिकवतात उत्तम, पण मे महिना कसा काढायचा ही चिंता त्यांना जानेवारीपासून लागते. हे चित्र पाहून कोणी प्राध्यापकीचे स्वप्न सोडावे, असे मी म्हणत नाही. मात्र केवळ त्या एका दारापुढे दहा वर्षे रांगेत उभे राहू नये, असे मला प्रांजळपणे वाटते.

मग दुसरी दारे कोणती? स्पर्धा परीक्षा हे एक आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत लेखी १,७५० गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे असतात, आणि तेथे इतिहास किंवा मराठी साहित्य घेता येते. परंतु तेथील जागाही मोजक्याच असतात.

याहून वेगळी वाट आपल्याच प्रांताने पूर्वी दाखविली आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी भागभांडवलाची कंपनी उभारली. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाचे काम १९४८ पासून चालू आहे. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून त्यांच्या चिठ्ठ्या करण्यात आल्या. या कामांमागे पाठभेद जुळविणारे, चिठ्ठ्या लिहिणारे, मुद्रिते तपासणारे असे कितीतरी हात होते. त्यांची विद्या मानव्यविद्याच होती, आणि तिला एखाद्या नेमक्या कौशल्याची जोड होती.

ही जोड आजही उपयोगी पडते, याचे एक ताजे उदाहरण देते. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली. त्यांतील कित्येक कागद मोडीत होते आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. इतिहासाचे पदवीधर गावोगाव होते; मोडी येणारे थोडे होते. ही बातमी वाचल्यावर मी मोडीच्या वर्गाला नाव घातले. पहिले दोन महिने अक्षरे एकमेकांत गुंतलेली दिसत. आता वाड्यातल्या जुन्या खतपत्राच्या दोन-तीन ओळी मी अडखळत का होईना, वाचते. आजोबांनी ते पत्र जन्मभर जपले, पण त्यात काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना माझे सुचविणे असे आहे. एम. ए.च्या पहिल्या वर्षीच एखादे हातचे कौशल्य निवडा. इतिहासवाल्यांनी मोडी किंवा फारसी, मराठीवाल्यांनी मुद्रितशोधन, संपादन वा सूची करणे, इंग्रजी-हिंदीवाल्यांनी भाषांतर, समाजशास्त्रवाल्यांनी प्रश्नावली व क्षेत्रपाहणी. आठवड्यातले चार तास त्याला द्या. नेट-सेटचा अभ्यास चालू ठेवा, पण किती प्रयत्न करायचे याची मर्यादा आधीच ठरवा आणि ती घरी सांगून ठेवा. आपल्या प्राध्यापकांनाही विनंती आहे, की वर्षातून एक तास त्यांनी या व्यावहारिक बाजूसाठी राखून ठेवावा.

मी घरी तीन प्रयत्नांची मुदत मागून घेतली आहे. वडिलांनी ती दिली, आणि मोडीचे शुल्क किती ते विचारले.