अंगावरचे दूध केव्हा सोडवावे ?

खानापूर तालुक्यातील लोंढा हे गाव रेल्वेच्या प्रवाशांस सुपरिचित आहे. कॅसलरॉकचा घाट चढून गोव्याकडून येणारा लोहमार्ग येथे बेळगाव-मिरज आणि धारवाड-हुबळी या दोन दिशांच्या मार्गांस मिळतो. भोवताली रान, मृगापासून लागणारा मुसळधार पाऊस आणि भाताची शेती, असे हे गाव. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस येथील एका माता-बैठकीस प्रस्तुत लेखक प्रचारकार्याच्या निमित्ताने उपस्थित होता. लसीकरणाची माहिती सांगून झाली आणि मागे बसलेली एक तरुण माता उठून म्हणाली, “बाई, अकरावा महिना चालू हाय ह्याला. आता दूध तोडू काय?” तिच्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी लगेच पुस्ती जोडली, “रोप लावायला जायचं हाय की हो तिला. अंगावर पिणारं पोर घरात ठेवून कसं जायचं?”

प्रश्न साधा होता. परंतु त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र गुंतलेले होते. मुलाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे हा एक, आणि अंगावरचे दूध केव्हा बंद करावे हा दुसरा. आपल्याकडील पुष्कळसे नुकसान हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होते. कोणी अन्न सुरू झाले म्हणून दूध तोडतात, तर कोणी दूध भरपूर आहे म्हणून वर्षापर्यंत अन्नच देत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज निश्चित आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. पाणी, मध, घुटी यांपैकी काहीही नको. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे. पूर्वी तज्ज्ञमंडळी ‘चार ते सहा महिने’ असे सांगत, आणि जुन्या भिंतीपत्रकांवर तसे छापलेलेही आढळेल. २००१ साली जागतिक आरोग्य सभेने सहा महिन्यांची मर्यादा स्वीकारली. आपले पूर्वजही याबाबतीत फारसे चुकले नव्हते. सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न देण्यास सांगितले आहे, आणि घरोघरी होणारी उष्टावण याच सुमारास असते. मात्र मुलीची उष्टावण विषम महिन्यात करण्याच्या प्रथेमुळे कित्येकदा ती पाचव्यातच उरकली जाते. ती सातव्यात करावी; रूढीही सांभाळली जाईल आणि मुलीचे हितही होईल.

सहा महिन्यांनंतर दूध अपुरे का पडते, हेही समजून घेतले पाहिजे. दूध ‘पातळ’ होते हा समज खरा नाही. बाळ जन्मताना जो लोहाचा साठा घेऊन येते, तो या सुमारास सरत आलेला असतो आणि बाळाची भूकही वाढलेली असते. तरीही पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात त्याच्या शक्तीच्या गरजेपैकी निम्मा किंवा त्याहून अधिक भाग आईचे दूधच भागवते आणि दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि आपले शासन या दोघांचाही सल्ला असा, की वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही, आई व बाळ या दोघांची इच्छा असेतो, स्तनपान चालू ठेवावे. वर्षाचे मूल अंगावर पिते यात लाजण्यासारखे काही नाही.

खरी उणीव आहे ती ताटात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा महिन्यांखालील १०० बालकांपैकी सुमारे ६४ बालके केवळ आईच्या दुधावर होती. परंतु सहा ते तेवीस महिन्यांच्या १०० बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी केवळ ११ होती. हे आकडे पाहता, दूध तोडण्याची घाई करणाऱ्या घराने प्रथम मुलाची वाटी तपासावी असे वाटते. आमच्या भागात मुलाला भाताची पेज अथवा वरणाचे वरचे पाणी देण्याची चाल आहे. त्याने पोट भरते. अंग भरत नाही. बाळाचे पोट लहान असते, त्यात पाणी गेले की अन्नाला जागा उरत नाही. अन्न इतके घट्ट हवे की चमचा तिरका केला तरी ते ओघळू नये. मऊ भातात वरण कालवावे आणि चमचाभर तूप घालावे. पालेभाजी, उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी, केळे, यांतील जे घरी असेल ते कुस्करून द्यावे. सहा ते आठ महिन्यांच्या मुलास दिवसातून दोन-तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा जेवण हवे. मध्ये एखादा खाऊ निराळा. मध मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊ नये.

नाचणीविषयी चार शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण ती आपल्या शेतातली आहे आणि गरिबाचे धान्य म्हणून तिची उपेक्षा होते. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून अधिक चुना (कॅल्शियम) असतो. तांदूळ याबाबतीत तिच्या जवळपासही येत नाही. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी, मोड आल्यावर सावलीत वाळवावी, मंद भाजून दळावी. मोड आणल्याने पिठातील चिकटपणा मोडतो. त्यामुळे खीर कमी पाण्यात शिजते आणि अधिक पीठ घालूनही ती बाळाला गिळता येते. ज्या डब्यांवर गुबगुबीत बाळाचे चित्र असे, त्यांच्यापेक्षा हे पीठ स्वस्त आणि ताजे. (तसले चित्र छापण्यास, तसेच दोन वर्षांखालील मुलांच्या डबाबंद अन्नाची व दूधबाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने व त्यातील २००३ च्या दुरुस्तीने मनाई आहे, हे दुकानदारांनीही ध्यानात ठेवावे.) अन्न असो वा पाणी, वाटी-चमच्याने द्यावे. बाटली नको, तिचे बोंड आमच्या पावसाळ्यात स्वच्छ राहणे कठीण.

आता दुसरा प्रश्न. दूध सोडवण्याची वेळ केवळ पंचांग पाहून ठरत नाही. मूल घरचे जेवण पोटभर जेवते काय, वाटीतून पाणी व दूध पिते काय, अंगणवाडीतील वजनाच्या तक्त्यावरील रेषा वर जात आहे काय, गेल्या महिन्यात ताप किंवा जुलाब झाले काय, हे पाहावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि वय दोन वर्षांच्या आसपास असेल, तर आईने आपल्या सोयीने निर्णय घ्यावा. परंतु रेषा आडवी पडली असता दूध तोडणे म्हणजे उतारावरील गाडीची खीळ काढणे होय. मूल आजारी असताना, घर बदलताना आणि विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात दूध तोडू नये. जुलाब होणारे मूल अन्न नाकारते, पण अंगावर पिते. त्या दिवसांत तेच त्याचे अन्न आणि तेच पाणी असते. जीवनरक्षक क्षार-साखर पाणी द्यावेच. स्तनपान मात्र थांबवू नये.

पुन्हा दिवस गेले म्हणजे दूध ‘नासते’ अशी समजूत सर्वत्र आहे. ती निराधार आहे. गर्भारपण निर्धोक असेल तर स्तनपान लगेच थांबवण्याचे कारण नसते. आईला आहार मात्र अधिक लागतो. या प्रसंगी एकाएकी दूध तुटलेल्या मुलाचे काय होते, याची साक्ष दूर आफ्रिकेतून मिळते. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० नंतरच्या दशकात गोल्ड कोस्ट येथे (आजच्या घानात) अंगावर सूज येऊन खंगणाऱ्या मुलांच्या आजाराचे वर्णन केले. त्यास तेथील लोकांचेच ‘क्वाशिओरकोर’ हे नाव त्यांनी वैद्यकात आणले. धाकटे भावंड आल्यावर थोरल्यास होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय आहे. याच अनुषंगाने सांगावयाचे, की अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत हा भरवसा केवळ पहिल्या सहा महिन्यांपुरता, तोही मूल फक्त आईच्या दुधावर असेल आणि पाळी आलेली नसेल तरच धरावा. पुढे आरोग्य केंद्रात जाऊन अन्य उपाय विचारावा.

सोडवण्याच्या रीतीबद्दल लिहिताना मला स्वतःच्या घरची चूक सांगितली पाहिजे. आमच्या थोरल्या मुलाचे दूध आम्ही दहाव्या महिन्यात, ऐन आषाढात, एका दिवसात बंद केले. कडुनिंबाचा पाला वाटून लावला आणि मुलाला रात्री आजीकडे निजवले. तिसऱ्या दिवशी त्यास जुलाब सुरू झाले आणि पत्नीच्या छातीत गाठी होऊन तिला सणसणून ताप भरला. मी पदवीधर होतो, सरकारी नोकरीत होतो. परंतु कोणाला विचारावे असे मला सुचले नाही.

योग्य रीत अशी. दिवसातील एक पाजणे, बहुधा दुपारचे, प्रथम कमी करावे. त्या वेळी मुलाला खाऊ द्यावा, वडिलांनी अथवा आजोबांनी बाहेर फिरवून आणावे. आठवडाभर अंग व मूल दोन्ही स्थिरावू द्यावे, मग दुसरे कमी करावे. रात्रीचे सर्वांत शेवटी, कारण त्यात भुकेपेक्षा जवळिकीची ओढ अधिक असते. छाती जड झाल्यास बरे वाटण्यापुरते दूध पिळून काढावे. घट्ट बांधू नये. लाली, गाठ व ताप आल्यास डॉक्टरांकडे जावे. मिरची, निंब, कोरफड यांची गरज पडत नाही.

नोकरदार मातांना १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन विरामांचा हक्क दिला आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. महाराष्ट्रात एस. टी. स्थानकांवर हिरकणीच्या नावाने स्तनपानाचे कक्ष आहेत. परंतु चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बाईला ना रजा, ना विराम. तिचा विराम घरच्यांनीच काढून द्यावा लागतो.

लोंढ्याच्या त्या बैठकीत परिचारिकाबाईंनी नेमके हेच केले. तक्ता पाहिला, तर मुलाचे वजन दोन महिने वाढलेले नव्हते. त्यांनी सासूबाईंस जवळ बसवून घेतले. पहाटे कामावर जाण्यापूर्वी आई पाजील, सकाळी व दुपारी आजी नाचणीची खीर आणि वरणभात भरवील, सायंकाळी व रात्री पुन्हा आई. दूध तोडण्याचा विचार सुगीनंतर, असे ठरले. “खीर म्या करतो, पण घोटून घट्ट करायची म्हणता न्हवं?” असे सासूबाईंनी दोनदा विचारून घेतले. नोव्हेंबरात भाताची कापणी चालू असताना मी पुन्हा त्या गावी गेलो. तक्त्यावरील रेषा वर सरकली होती. मूल अद्याप अंगावर पीत होते, आणि आजीच्या मांडीवर बसून वाटीतला भात स्वतःच्या हाताने, अर्धा तोंडात व अर्धा भुईवर, खात होते.