नेटवर्किंग शिकायचंय? आधी क्लासची लॅब बघा

दहावी-बारावीनंतर मूल नेटवर्किंगकडे वळू पाहत असेल, तर पालकांनी जाहिरात बाजूला ठेवून क्लासची लॅब बघायला जावं. रॅक, स्विच, पॅच पॅनल मुलांना हाताळायला मिळतात की काचेच्या कपाटात बंद असतात?

हे काम हातात बसावं लागतं. कॅट-6 केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा, चार पिळलेल्या जोड्यांत असतात. टोकाला आरजे-45 कनेक्टर बसवताना रंगांचा क्रम पाळायचाच, पण पीळही गरजेपुरताच सोडायचा. जास्त सोडला तर एका जोडीतला सिग्नल दुसरीत मिसळतो. मग साध्या टेस्टरचे सगळे दिवे लागूनही वेग मिळत नाही.

तांब्याची धाव 100 मीटरपर्यंत. त्यापुढे फायबर. सिंगल मोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, भोवतालची काच धरून 125 मायक्रॉन. सांधा करताना आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरने काटकोनात तोडायचं. मग स्प्लायसिंग मशीन विजेच्या ठिणगीने दोन्ही टोकं वितळवून जोडतं. चांगल्या सांध्यात 0.1 डेसिबलहून कमी प्रकाश वाया जातो. धुळीचा कण आला की सगळं पुन्हा करायचं. मला या कारागिरीचं मनापासून कौतुक वाटतं. स्थिर हाताच्या, चिवट मुलामुलींना ती छान साधते. चालू फायबरच्या टोकात मात्र कधीही डोकावायचं नाही. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

‘आयुष्यभर केबलच ओढणार का?’ ही पालकांची भीती अगदीच खोटी नाही. म्हणून आयपी ॲड्रेस, सबनेट, व्हीलॅन हे नेटवर्कच्या मांडणीचे विषयही सोबतच शिकायला हवेत. कॉम्प्युटर किंवा ई अँड टीसीचा डिप्लोमा केला तर पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेला पदवीची अट नाही. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर, बँका, रुग्णालयं, कारखाने, सगळीकडे ही माणसं लागतात.

बरीचशी कामं ऑफिस सुटल्यावरच करता येतात, त्यामुळे रात्रीचं जागरण आणि शिडी चढणं आलंच. त्याला मुलाची किंवा मुलीची तयारी आहे का, हे घरी मोकळेपणी बोलून घ्या. आणि कुणी नोकरीची हमी देत असेल, तर फी भरण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोघांशी गाठ घालून द्यायला सांगा.